मुद्दल राखा, व्याज खा

(निसर्ग आपल्याला अन्न, लाकूड, पाणी, वाळू अशा कितीतरी गोष्टी देतो. त्यांवरच माणसांचे पोट आणि व्यापार चालतो. पण निसर्गाकडून आपण किती घ्यावे? या प्रश्नाचे उत्तर रॉड्रिग्ज बेटावरच्या दोन गोष्टींतून शोधू या.)

मुलांनो, समजा, तुमच्या आजोबांनी तुमच्या नावाने बँकेत १००० रुपये ठेवले. या रकमेला मुद्दल म्हणतात. बँक त्यावर दर वर्षी शंभर रुपयांना ५ रुपये जास्त देते. त्याला व्याज म्हणतात. म्हणजे १००० रुपयांवर तुम्हांला वर्षाला ५० रुपये व्याज मिळेल. तुम्ही दर वर्षी फक्त ५० रुपये काढले, तर १००० रुपये तसेच राहतील. तुम्हांला, तुमच्या मुलांना आणि त्यांच्याही मुलांना ते ५० रुपये मिळत राहतील.

पण तुम्ही दर वर्षी २५० रुपये काढू लागलात, तर काय होईल? वहीत हिशेब करून पाहा. पहिल्या वर्षी मजा वाटेल. दुसऱ्या वर्षीही वाटेल. मात्र प्रत्येक वर्षी मुद्दल घटेल आणि त्याबरोबर व्याजही घटेल. पाचव्या वर्षी तुम्ही बँकेत जाल, तेव्हा काढायला २५० रुपये उरलेलेच नसतील. मग पुढे काहीच मिळणार नाही.

निसर्गाचेही असेच आहे. जंगल हे मुद्दल आहे. त्यात दर वर्षी नव्याने वाढणारी झाडे हे व्याज आहे. समुद्रातले मासे हे मुद्दल आहे. दर वर्षी जन्मणारी पिल्ले हे व्याज आहे. शेती करणारे, मासे धरणारे, कारखान्यांत काम करणारे, दुकानदार, हॉटेलवाले अशा सर्वांची कामे, कमाई आणि देवाणघेवाण मिळून देशाचा जो मोठा व्यवहार होतो, त्याला अर्थव्यवस्था म्हणतात. शब्द मोठा आहे, पण गोष्ट घरातलीच आहे. ही अर्थव्यवस्था निसर्गाचे व्याज खाऊन चालते की मुद्दल खाऊन, हे फार महत्त्वाचे असते.

आता रॉड्रिग्ज बेटावर जाऊ या.

कासवांचे बेट

रॉड्रिग्ज हे आपल्या मॉरिशस देशाचेच एक बेट आहे. ते मॉरिशस बेटाच्या पूर्वेला पाचशेहून अधिक किलोमीटर दूर आहे. बेट अगदी लहान, केवळ १०८ चौरस किलोमीटरचे. पण त्याच्याभोवती प्रवाळांची भिंत आहे आणि त्या भिंतीच्या आत उथळ, शांत पाण्याचे लगून आहे. हे लगून बेटाच्या दुपटीहूनही मोठे आहे.

१६९१ साली फ्रान्स्वा लेगा नावाचा एक फ्रेंच प्रवासी काही सोबत्यांसह या बेटावर उतरला. त्या वेळी तेथे माणसांची वस्ती नव्हती. तेथे होती कासवे! मोठमोठी, जमिनीवर राहणारी कासवे. लेगाने लिहून ठेवले आहे, की ती इतकी दाटीने बसत, की जमिनीला पाय न लावता त्यांच्या पाठींवरून शंभराहून अधिक पावले चालता यावे.

पुढे जहाजे येऊ लागली. त्या काळी जहाजांवर बर्फ नव्हता, शीतपेटी नव्हती. खलाशांना ताजे मांस मिळणे कठीण असे. कासव मात्र अन्नपाण्याशिवायही कित्येक आठवडे जिवंत राही. त्यामुळे जहाजे भरभरून कासवे नेली जाऊ लागली. अठराव्या शतकात मॉरिशसमध्ये फ्रेंचांचे राज्य होते. तेथील लोकांसाठी आणि बंदरातून जाणाऱ्या जहाजांसाठी रॉड्रिग्जहून हजारो कासवे आणली गेली. एवढी कासवे आहेत, ती कशी संपतील, असे सर्वांना वाटत असे.

पण कासवाचे व्याज फार कमी असते. त्याचे पिल्लू हळूहळू वाढते. ते मोठे होऊन अंडी घालू लागायला बरीच वर्षे लागतात. जहाज मात्र थोड्याच दिवसांत भरते. शिवाय माणसांबरोबर आलेल्या मांजरांसारख्या प्राण्यांनी लहान पिल्ले खाल्ली. माणसे व्याज नव्हे, मुद्दलच खात होती. सुमारे १८०० सालापर्यंत रॉड्रिग्जची कासवे संपली. त्या जाती जगात दुसरीकडे कोठेही नव्हत्या. त्यामुळे ती कायमची नाहीशी झाली. मॉरिशसच्या डोडो पक्ष्याचे काय झाले, हे तुम्हांला ठाऊकच आहे.

आज रॉड्रिग्जमध्ये फ्रान्स्वा लेगाच्याच नावाचे एक राखीव उद्यान आहे. तेथे मोठी कासवे दिसतात. पण ती दुसऱ्या बेटांवरच्या जातींची आहेत. बेटाची स्वतःची कासवे पैसे देऊनही परत आणता येत नाहीत.

उरीत आणि दोन महिन्यांची सुट्टी

आता दुसरी गोष्ट पाहू. ती त्याच बेटाची आहे, पण आपल्या काळातली आहे.

ऑक्टोपस तुम्ही पाहिला असेल. क्रिओल भाषेत त्याला आपण उरीत म्हणतो. रॉड्रिग्जमध्ये उरीत पकडणे हे अनेक कुटुंबांचे काम आहे. त्यात बायका मोठ्या संख्येने असतात. ओहोटी लागली, की त्या डोक्यावर टोपी घालतात, हातात टोकदार लोखंडी सळई घेतात आणि लगूनच्या उथळ पाण्यात चालत जातात. खडकांच्या भोकांत उरीत लपलेला असतो. अनुभवी डोळ्यांना तो बरोबर सापडतो. मग तो दांड्यांवर टांगून उन्हात वाळवतात. वाळवलेला उरीत बाजारात विकला जातो. त्या पैशांतून घरी तांदूळ येतो, मुलांची वह्यापुस्तके येतात.

पण १९९० नंतरच्या काळात पकडलेला उरीत कमी कमी होत गेला. सापडे तोही लहान असे. हाताला काही लागले नाही, म्हणून लोक जास्त वेळ पाण्यात घालवू लागले. अंडी घालण्याआधीच लहान उरीत पकडले जाऊ लागले. शिवाय दिवसभर पायांखाली येऊन प्रवाळही मोडू लागले. म्हणजे कासवांचेच पुन्हा होणार की काय, असा प्रश्न उभा राहिला.

मग कोणी म्हणेल, “उरीत पकडणे बंदच करून टाका!” पण असे म्हणणे सोपे आहे. ज्यांच्या घरची चूल त्यावर पेटते, त्यांनी काय खावे? निसर्ग वाचवायचा आणि माणसे उपाशी ठेवायची, हा काही खरा उपाय नव्हे. उपाय असा हवा, की समुद्रही राहील आणि चूलही पेटेल.

तो उपाय शोधण्यासाठी आधी उरीत कसा जगतो, हे समजून घ्यावे लागते. उरीताचे आयुष्य लहान असते. तो सुमारे वर्ष-दीड वर्षच जगतो. मादी आयुष्यात एकदाच, पण हजारो अंडी घालते. अंडी घातल्यावर ती बिळातून हलत नाही, काही खात नाही. पिल्ले बाहेर पडेपर्यंत ती त्यांना जपते आणि मग मरून जाते. ज्या मादीला अंडी घालण्याआधीच पकडले, तिची हजारो पिल्लेही गेली, असे समजा. पण उरीत वाढतो मात्र फार झपाट्याने. थोड्याच आठवड्यांत त्याचे वजन खूप वाढते. कासवाचे व्याज कमी, तर उरीताचे व्याज भरपूर. फक्त थोडे थांबायला हवे!

थांबण्याचा हा प्रयोग आपल्या शेजारच्या मादागास्कर देशात आधी झाला होता. २००४ साली तेथील आंदावादोआका या गावच्या लोकांनी समुद्राचा एक भाग सात महिने बंद ठेवला. त्या काळात तेथे कोणीही उरीत पकडायचा नाही, असे गावानेच ठरवले. भाग पुन्हा उघडला, तेव्हा मोठे आणि जड उरीत मिळाले. हे पाहून शेजारच्या गावांनीही तसेच केले.

हा अनुभव रॉड्रिग्जच्या लोकांना उपयोगी पडला. २०१२ साली १३ ऑगस्टपासून १२ ऑक्टोबरपर्यंत रॉड्रिग्जच्या संपूर्ण लगूनमध्ये उरीत पकडण्यास बंदी करण्यात आली. मग त्या दोन महिन्यांत घरखर्च कसा चालणार? त्याचाही विचार झाला होता. उरीत पकडणाऱ्या लोकांना किनारे स्वच्छ करण्यासारखी दुसरी कामे देऊन मजुरी देण्यात आली. म्हणजे समुद्राला सुट्टी मिळाली, पण माणसांची कमाई थांबली नाही.

बंदी उठली त्या दिवशी लोक सळया घेऊन पुन्हा पाण्यात उतरले. आता हाती लागणारे उरीत आधीपेक्षा मोठे होते. तेव्हापासून रॉड्रिग्जमध्ये ही सुट्टी दर वर्षी पाळण्याची पद्धत सुरू झाली. २०१६ साली मॉरिशस बेटाच्या किनाऱ्यावरही ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत अशीच बंदी सुरू झाली. या दोन महिन्यांतच आपला गणपती येतो. पुढच्या वेळी विसर्जनाला समुद्रावर जाल, तेव्हा आठवण ठेवा, की बाप्पाच्या पायाशी त्या पाण्यात उरीताची पिल्ले मोठी होत आहेत.

हे सगळे सोपे झाले, असे मात्र समजू नका. नियम केला, की तो मोडणारेही निघतात. काही जण बंदीतही चोरून उरीत पकडतात. कधी सुट्टी संपताच सर्वजण एकदम तुटून पडतात. मग दोन महिन्यांत जमलेले व्याज थोड्या दिवसांतच संपते. म्हणून पाळत ठेवणारी माणसे लागतात. त्याहूनही जास्त गरज असते ती सर्वांच्या समजुतीची. शेजाऱ्याने नियम पाळला, तरच मला पाळावासा वाटतो. होय ना?

थांबण्याची ही रीत आपल्या पूर्वजांनाही ठाऊक होती. आपल्यापैकी अनेकांचे पणजोबा-खापरपणजोबा महाराष्ट्राच्या कोकण भागातून मॉरिशसला आले. कोकणातले कोळी लोक पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात. तेव्हा समुद्र खवळलेला असतो आणि पुष्कळ मासे त्याच दिवसांत अंडी घालतात. नारळी पौर्णिमेला ते समुद्राला नारळ अर्पण करतात आणि मग मासेमारीला पुन्हा सुरुवात करतात. आज तेथील सरकारनेही पावसाळ्यात काही आठवडे यंत्राच्या होड्यांना मासेमारीची बंदी केलेली आहे.

तीन नियम

हर्मन डेली नावाचे एक अमेरिकन अर्थतज्ज्ञ होते. निसर्गाची मर्यादा सांभाळून देशाचा व्यवहार कसा चालवावा, याचा त्यांनी आयुष्यभर विचार केला. १९९० च्या सुमारास त्यांनी तीन साधे नियम मांडले. ते आपण आपल्या शब्दांत पाहू.

पहिला नियम : जे पुन्हा वाढते, ते वाढेल तेवढेच घ्यावे.

हा नियम तुम्हांला आता कळलाच आहे. मासे, उरीत, झाडे, विहिरीचे पाणी या सर्वांना तो लागू होतो. पण लक्षात ठेवा, प्रत्येकाचा व्याजाचा दर वेगळा असतो. उरीत काही आठवड्यांत वाढतो, कासवाला अनेक वर्षे लागतात. म्हणून घेण्याआधी ते किती वेळात भरून येते, हे माहीत असायला हवे.

दुसरा नियम : जे पुन्हा वाढत नाही, ते जपून वापरावे आणि वापरता वापरताच त्याला पर्याय उभा करावा.

कोळसा आणि खनिज तेल तयार व्हायला कोट्यवधी वर्षे लागली. आपल्या देशात ती सापडत नाहीत. जहाजाने आणावी लागतात. पण आपल्याकडे ऊस आहे. कारखान्यात उसाचा रस काढल्यावर चिपाडे उरतात. त्याला बगास म्हणतात. पूर्वी तो टाकाऊ वाटे. आता बगास जाळून पाण्याची वाफ करतात, वाफेने यंत्र फिरते आणि वीज तयार होते. त्याच विजेवर साखर कारखानाही चालतो आणि तुमच्या घरातला दिवाही लागतो. रसातून साखर निघाल्यावर मळी उरते. तिच्यापासून मद्यार्क बनतो. एकाच उसाचे किती उपयोग! शिवाय ऊस कापला, तरी त्याच बुंध्यातून खोडवा फुटतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा पीक येते.

पण बगासही पुरेसा नाही. ऊसतोडीचा हंगाम संपला, की त्याच वीजकेंद्रांत कोळसा जाळावा लागतो. म्हणून ऊन आणि वारा यांपासून वीज बनवण्याचे काम वाढवणे आवश्यक आहे.

किनाऱ्यावरच्या पांढऱ्या वाळूचीही अशीच गोष्ट आहे. ही वाळू म्हणजे प्रवाळांचा आणि शंखशिंपल्यांचा चुरा. ती तयार व्हायला फार मोठा काळ लागतो. पूर्वी घरे बांधण्यासाठी लगूनमधून वाळू काढून विकत असत. त्यामुळे किनारे झिजू लागले. २००१ साली लगूनमधून वाळू काढणे बंद झाले. आता काळा दगड फोडून त्याची वाळू बांधकामाला वापरतात. वाळू काढणाऱ्यांचे काम गेले, हे खरे. पण किनाराच गेला असता, तर मासे धरणारे आणि हॉटेलांत काम करणारे यांचेही काम गेले असते.

तिसरा नियम : निसर्गाला जितका कचरा पचतो, तितकाच करावा.

केळ्याची साल मातीत टाकली, तर थोड्याच दिवसांत तिचे खत होते. ती निसर्गाला पचते. प्लॅस्टिकची पिशवी मात्र पचत नाही. समुद्रात गेली, तर कासव ती जेलीफिश समजून खाते आणि मरते. आपल्या देशातला घरोघरचा कचरा १९९७ पासून मार शिकोज येथे नेऊन पुरतात. बेट लहान आहे. कचऱ्यासाठी रोज नवी जागा कोठून आणणार? म्हणूनच २०१६ च्या १ जानेवारीपासून दुकानांतून मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली आणि लोक कापडी पिशव्या वापरू लागले.

बेट आणि पृथ्वी

मोठ्या देशात राहणाऱ्या माणसाला वाटते, की इथले संपले तर पुढे जाऊ. बेटावर तसे म्हणता येत नाही. बेटावर थोडे चालले, की समुद्र लागतो. मर्यादा डोळ्यांना दिसते. पण खरे पाहिले, तर सारी पृथ्वीही आकाशातले एक बेटच आहे. तिच्याबाहेर दुसरे जंगल नाही, दुसरा समुद्र नाही.

त्याच रॉड्रिग्ज बेटावर दोनशे वर्षांच्या अंतराने दोन गोष्टी घडल्या. कासवे नेणारी माणसे वाईट होती आणि उरीताला सुट्टी देणारी माणसे चांगली, असे नाही. दोघांनाही पोट होते. पण पहिल्यांनी किती उरले, ते मोजले नाही. दुसऱ्यांनी मोजले, एकत्र बसून नियम केला आणि थांबणाऱ्याच्या घरी चूल पेटती राहील, अशी सोय केली. मोजणे, ठरवणे आणि सोय करणे या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या, म्हणून लोक थांबू शकले.

मुलांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी शेतकरी होईल, कोणी व्यापारी, कोणी मंत्री, तर कोणी मासे धरील. कोणतेही काम करा. पण त्या कामाचे मुद्दल कोणते आणि व्याज कोणते, हे आधी ओळखा. मुद्दल राखा, व्याज खा.

शब्दार्थ

मुद्दल – बँकेत ठेवलेली मूळ रक्कम
लगून – प्रवाळांच्या भिंतीआतले उथळ, शांत पाणी
ओहोटी – समुद्राचे पाणी मागे जाणे
पर्याय – एका वस्तूऐवजी वापरता येणारी दुसरी वस्तू
खोडवा – कापलेल्या उसाच्या बुंध्यातून पुन्हा येणारे पीक

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) रॉड्रिग्जची कासवे कोणत्या सालापर्यंत संपली?
(आ) बगास म्हणजे काय?
(इ) रॉड्रिग्जमध्ये उरीताला पहिली सुट्टी केव्हा मिळाली?

२. कारणे सांगा.
(अ) जहाजांवर कासवे नेत असत.
(आ) अंडी घालण्याआधी मादी उरीत पकडू नये.
(इ) उरीताच्या सुट्टीत लोकांना दुसरे काम देण्यात आले.

३. विचार करून सांगा.
तुमच्या गावात नदी, विहीर, झाडे किंवा किनारा यांपैकी काय आहे? त्याचे मुद्दल कोणते आणि व्याज कोणते? घरातल्या मोठ्या माणसांना विचारा, की ते लहान असताना हे मुद्दल आजपेक्षा जास्त होते की कमी. त्यांनी सांगितलेले पाच-सहा वाक्यांत लिहा.